सोलापुरातून परदेशी लॉ स्कूलला अर्ज करताना

परदेशात एलएलएम केलं की तिथं वकिली करता येते, असं आपल्या बार रूममध्ये अजून छातीठोकपणे सांगितलं जातं. येत नाही. एलएलएम ही कायद्याची पदव्युत्तर पदवी आहे, सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, नव्हे. सनदेच्या अटी प्रत्येक देशात वेगळ्या आणि अमेरिकेत तर प्रत्येक राज्यात वेगळ्या. वर्षभरात पन्नास लाख ते कोटीभर रुपये खर्चून हे तिथं गेल्यावर कळण्यापेक्षा अर्ज भरण्याआधी कळलेलं बरं. म्हणून विद्यापीठांच्या याद्यांकडे नंतर वळू. आधी पदवी घेऊन करायचं काय, ते ठरवू.

कुठली पदवी, आणि नंतर काय

बारावीनंतर थेट इंग्लंडला एलएलबी करायची असेल तर अर्ज ‘यूकॅस’ या तिथल्या सामाईक प्रवेश यंत्रणेवरून जातो. ऑक्सफर्ड, एलएसई, यूसीएल, किंग्ज यांसारख्या विद्यापीठांसाठी ‘एलनॅट’ ही परीक्षाही द्यावी लागते. ही वाट धरण्याआधी पालकांनी एक गोष्ट समजून घ्यावी. परदेशी एलएलबी घेऊन परत येऊन इथं सनद घ्यायची, तर ती पदवी बार कौन्सिल ऑफ इंडियानं मान्य केलेल्या विद्यापीठाची असावी लागते आणि कौन्सिलची वेगळी पात्रता परीक्षा द्यावी लागते. पदवीधरांसाठी तिकडे दोन वर्षांची एलएलबी असते. तिला भुलण्याआधी इथल्या सनदेसाठी ती चालेल का, हे बार कौन्सिलकडून लेखी विचारून घ्या. तोंडी उत्तरावर विसंबू नका.

दुसरी वाट जेडी या अमेरिकेतल्या कायद्याच्या मूळ पदवीची. तीन वर्षं, एलसॅट ही प्रवेशपरीक्षा आणि डोळे पांढरे करणारा खर्च. अमेरिकेतच कायमची वकिली करायची असेल तर हीच सरळ वाट, यात शंका नाही. मात्र पूर्ण शिष्यवृत्तीशिवाय मध्यमवर्गीय घरातून हा विचार करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सोलापुरातून जाणारे बहुतेक जण तिसऱ्या वाटेनं जातात. इथं तीन किंवा पाच वर्षांची एलएलबी आणि मग बाहेर एक वर्षाचं एलएलएम. पुढचा सगळा मजकूर मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

एलएलएमनंतर तिथंच राहायचं असेल तर परवान्याचे नियम आधी वाचा. न्यूयॉर्कमध्ये भारतीय एलएलबीधारकाला बारच्या परीक्षेला बसता येतं, पण आधी तुमच्या शिक्षणाची कागदोपत्री छाननी होते आणि तिला महिनोन् महिने लागतात. शिक्षणाचा कालावधी किंवा आशय कमी भरला, तर किमान २४ क्रेडिटचं, ठरावीक विषय असलेलं एलएलएम करून ती उणीव भरून काढता येते. म्हणून न्यूयॉर्क डोक्यात असेल तर विषय निवडतानाच त्या अटी समोर ठेवा. कॅलिफोर्नियात आधीच सनद असलेल्या परदेशी वकिलाला एलएलएमशिवायही परीक्षेला बसता येतं. ही गोष्ट सल्लागार मंडळी सहसा सांगत नाहीत.

इंग्लंडमध्ये २०२१ पासून सॉलिसिटर, म्हणजे तिथला एका प्रकारचा वकील, होण्यासाठी ‘एसक्यूई’ ही परीक्षा आहे. तिचा पहिला टप्पा १८० प्रश्नांच्या दोन पेपरांचा, म्हणजे एकूण ३६० बहुपर्यायी प्रश्नांचा. या परीक्षेसाठी एलएलएम लागतच नाही. इतरांना दोन वर्षांचा कामाचा अनुभव दाखवावा लागतो, पण भारतात सनद घेतलेल्या वकिलाला ती अट नाही. पहिला टप्पा भारतातल्या केंद्रावरूनही देता येतो. केवळ सॉलिसिटर व्हायचं असेल, तर आधी एलएलएम आणि मग एसक्यूई हा महागडा द्राविडी प्राणायाम आहे. कॅनडात ‘एनसीए’ नावाची समिती तुमची पदवी तपासते आणि कोणत्या विषयांच्या परीक्षा द्यायच्या ते कळवते.

परत यायचं असेल, तर परत येऊन काय करणार, हेही तितकंच नेमकं हवं. लॉ कॉलेजात शिकवायचं ठरवलं असेल तर जपून. बार कौन्सिलच्या २०२० च्या नियमावलीनं परदेशी एक वर्षाच्या एलएलएमच्या समकक्षतेवरच प्रश्न उभा केला आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. ज्या विद्यापीठात नोकरी किंवा पीएचडी करायची आहे तिथं आधी चौकशी करा. वकिलीच करायची असेल तर आणखी एक हिशेब मांडा. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापूरला बसतं आणि सोलापूर जिल्हा त्याच्या कक्षेत आहे. मुंबईला जाऊन नाव कमावण्याआधी कोल्हापुरात पाय रोवायची ही वेळ असताना वर्षभर बाहेर जाणं तुमच्या कामाला पूरक आहे की मारक? उत्तर प्रत्येकाचं वेगळं असेल, पण प्रश्न टाळू नका.

दीड वर्ष आधीपासून

ज्या सप्टेंबरात वर्ग सुरू होणार, त्याच्या आदल्या वर्षीच्या एप्रिल-मेमध्ये कामाला लागा. अमेरिकेत तर वर्ग ऑगस्टमध्येच भरतात. आपल्याकडे मेच्या उन्हात कोर्टाला सुट्टी असते, ती यासाठी उत्तम. पासपोर्ट नसेल तर आधी तो काढा. सोलापुरात पोस्टातलं पासपोर्ट सेवा केंद्र आहे, त्यामुळे पुण्याला खेटे घालायची गरज नाही.

पावसाळ्यात इंग्रजीची परीक्षा द्या. दिवाळीच्या सुट्टीत अर्जासोबतचं निवेदन (स्टेटमेंट ऑफ पर्पज) लिहून काढा. आणि जानेवारीतली गड्ड्याची यात्रा सुरू होण्याआधी मुख्य अर्ज गेलेले असू द्या. केंब्रिज आणि अमेरिकेतल्या मोठ्या लॉ स्कूलांच्या मुदती डिसेंबरच्या आसपास असतात, काहींच्या जानेवारी-फेब्रुवारीत. लंडनमधली बरीच विद्यापीठं येतील तसे अर्ज तपासत जातात, तिथं लवकर जाणाऱ्याला जागाही मिळते आणि वसतिगृहही. नेमकी तारीख दरवर्षी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर पाहा. मित्रानं सांगितलेली तारीख गेल्या वर्षीची असते.

एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला असाल तर एक सावधगिरी. सशर्त प्रवेश मिळेल, पण शेवटच्या सत्राचा निकाल आणि प्रोव्हिजनल सर्टिफिकेट वेळेवर हातात नसेल तर व्हिसाचं सगळं गणित कोलमडतं. एक वर्ष थांबून, सनद घेऊन, ऑल इंडिया बार परीक्षा देऊन, एखाद्या चांगल्या सीनियरकडे काम करून अर्ज केलात तर अर्जही भारी होतो. काही शिष्यवृत्त्यांना तर अनुभवाशिवाय दारच उघडत नाही.

कागदपत्रं: इथंच सगळ्यात जास्त वेळ जातो

पहिली अडचण नावाची. आपल्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर क्रम वेगळा. दहावीच्या सर्टिफिकेटवर इंग्रजी स्पेलिंग एक, पदवीवर दुसरं. पूर्व भागातल्या तेलुगू घरांमध्ये आडनावाचं स्पेलिंग भावाभावांचं जुळत नाही, हे आपण रोज पाहतो. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींची तर आणखी पंचाईत. क्रमाचा फरक असेल तर साधं प्रतिज्ञापत्र बहुतेक ठिकाणी चालून जातं. स्पेलिंगच वेगळं असेल तर गॅझेट करून घ्या किंवा विद्यापीठातून दुरुस्ती करून घ्या, आणि हे अर्जाच्या आधी करा. अर्जात नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षरन् अक्षर, भरायचं.

दुसरी गोष्ट ट्रान्सक्रिप्टची. गुणपत्रिकांच्या झेरॉक्स म्हणजे ट्रान्सक्रिप्ट नव्हे. विद्यापीठाच्या परीक्षा विभागानं सगळ्या सत्रांचे गुण एकत्र करून, सही-शिक्क्यानिशी दिलेला कागद तो. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर विद्यापीठातून पदवी घेतली असेल तर केगावला जावं लागेल. आपलं विद्यापीठ २००४ सालचं. त्याआधी शिकलेल्यांची कागदपत्रं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात. बीए एका विद्यापीठाचं आणि एलएलबी दुसऱ्याचं असेल तर दोन्हीकडचे ट्रान्सक्रिप्ट लागतात, फक्त कायद्याचे चालत नाहीत.

अमेरिकेसाठी यात आणखी एक पेच आहे. तिथली बहुतेक लॉ स्कूलं ‘एलसॅक’ या संस्थेमार्फत कागद घेतात. ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठानं थेट तिथं पाठवायचा असतो, बंद पाकिटात, पाकिटाच्या झाकणावर सही-शिक्का मारून. तुम्ही स्वतः स्कॅन करून पाठवलेला कागद ते धरत नाहीत. परीक्षा विभागातल्या बाबूंना असलं काम क्वचितच येतं, त्यामुळे त्यांच्यावर चिडून उपयोग नाही. एलसॅकच्या खात्यातून निघणारा फॉर्म छापून न्या, पत्ता टाइप केलेलं पाकीट न्या, कुरियरचे पैसे कोण भरणार ते विचारा आणि पावतीचा नंबर लिहून घ्या. दोन-तीन जादा सीलबंद प्रती त्याच वेळी मागून घ्या. पुन्हा केगावची फेरी वाचते.

गुणांबद्दलही दोन शब्द. कायद्याला ६० टक्के म्हणजे आपल्याकडे फर्स्ट क्लास, पण ऐंशी-नव्वद टक्क्यांची सवय असलेल्या माणसाला ते किरकोळ वाटतं. इंग्लंडची विद्यापीठं भारतासाठी वेगळे निकष ठरवतात आणि ते संकेतस्थळावर देशनिहाय दिलेले असतात, त्यामुळे उगाच घाबरू नका. विद्यापीठात पहिल्या पाच-दहात आला असाल तर रँक सर्टिफिकेट जोडा. टक्केवारीपेक्षा ते जास्त बोलतं.

इंग्रजी

आयईएल्ट्समध्ये कायद्यासाठी बहुतेक ठिकाणी ७ किंवा ७.५ लागतात. लेखनासाठी वेगळी किमान अट असते आणि आपली मुलं नेमकी तिथंच अडकतात. गुण दोन वर्षं ग्राह्य असतात. शिक्षणाचं माध्यम इंग्रजी असल्याचं कॉलेजचं पत्र काही विद्यापीठं चालवून घेतात. मात्र पेपर मराठीतून लिहिले असतील तर असं पत्र मागू नका आणि कॉलेजनं दिलं तरी जोडू नका. खोट्या कागदावर प्रवेशही जातो आणि व्हिसाही.

मराठीतून शिकलात, यात लपवण्यासारखं काही नाही. जिल्हा न्यायालयात मराठी साक्ष नोंदवून घेणारा, सातबारा आणि फेरफार वाचू शकणारा वकील ही तिथल्या वर्गात दुर्मीळ गोष्ट असते. ती निवेदनात सांगा.

निवेदन: सोलापूर हाच तुमचा मुद्दा

स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे निवेदन, हा अर्जाचा गाभा. ‘लहानपणापासून मला न्यायाची ओढ होती’ अशी सुरुवात असलेली निवेदनं प्रवेश समिती ढिगानं वाचते. आंबेडकर-गांधींचं अवतरण टाकून सुरुवात करणारीही तितकीच. बाबासाहेब कोलंबिया, एलएसई आणि ग्रेज इन (लंडनमधली बॅरिस्टरांची संस्था) या तिन्ही ठिकाणी शिकले हे तिथल्या लोकांना ठाऊक असतं. त्यांचं नाव घ्यायचं तर त्यांच्या एखाद्या युक्तिवादाशी तुमच्या कामाचा संबंध दाखवा, नुसती फुलं वाहू नका.

मग लिहायचं काय? आपल्या जिल्ह्यात काय कमी आहे? साखर कारखान्यांची इथं दाटी आहे. ऊस नियंत्रण आदेश १९६६ नुसार ऊस कारखान्याला दिल्यापासून १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, द्यायची असते. ती थकते, व्याजाचा प्रश्न येतो, साखर आयुक्तांकडे आणि तिथून जप्तीच्या कारवाईकडे प्रकरण जातं. या प्रकरणांत तुम्ही एक अर्ज जरी लिहिला असेल तरी कृषी बाजारपेठ, स्पर्धा कायदा किंवा दिवाळखोरी कायदा शिकायचं कारण तुमच्याकडे तयार आहे. कारखाना दिवाळखोरीत गेला तर शेतकरी धनको म्हणून कुठल्या रांगेत उभा राहतो? हा प्रश्न एका ओळीत मांडता आला तर वाचणारा थांबतो.

विडी कामगारांचं उदाहरण घ्या. घरी बसून विड्या वळणाऱ्या हजारो बायका, त्यांचा भविष्य निर्वाह निधी, मालक कोण हेच सिद्ध करण्याची मारामार. विडी आणि सिगार कामगार कायदा १९६६ चा. आता तो नव्या श्रमसंहितेत विरघळला आहे. घरून काम करणाऱ्या कामगाराचा मालक कोण, हा प्रश्न ॲपवरून कामं घेणाऱ्यांच्या निमित्तानं आज युरोपातल्या न्यायालयांसमोर आहे. सोलापूरला तो कित्येक पिढ्या जुना. कामगार कायद्यात एलएलएम करणाऱ्यासाठी याहून चांगला विषय कोणता?

बौद्धिक संपदा शिकायची असेल तर सोलापुरी चादर आहे. तिला भौगोलिक मानांकन आहे, तरी सोलापुरी म्हणून बाहेरचा माल बाजारात विकला जातो. नोंदणी आहे, अंमलबजावणीचं काय? धर्म आणि राज्यसंस्था हा विषय असेल तर १९७३ चा पंढरपूर मंदिरे कायदा आणि बडवे-उत्पातांचे हक्क संपवणारा २०१४ चा निकाल आहे. घटनात्मक कायदा असेल तर १९३० चं सोलापूरचं मार्शल लॉ आणि १२ जानेवारी १९३१ ला फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. चार हुतात्म्यांचा पुतळा ओलांडून आपण रोज जातो, पण मार्शल लॉखाली नागरी न्यायालयांचे अधिकार कुठवर उरतात, हा प्रश्न त्यातून कायद्याच्या विद्यार्थ्यानं काढायचा.

एकच विषय घ्या. तुम्ही प्रत्यक्ष काय केलं ते सांगा. कायद्यात तुम्हाला कुठं अडलं ते दाखवा. मग त्या विद्यापीठातला कोणता अभ्यासक्रम, कोणते प्राध्यापक त्या अडचणीवर काम करतात ते लिहा आणि परत येऊन किंवा तिथं राहून पुढे काय करणार ते एका परिच्छेदात. शब्दमर्यादा ५०० असेल तर ५०१ नको. विद्यापीठाचं नाव बदलून तेच निवेदन सगळीकडे पाठवणं लगेच उघडं पडतं, आणि घाईत एलएसईच्या अर्जात किंग्जचं नाव राहून गेलं की विषयच संपला. एआयकडून लिहून घेतलेलं निवेदन गुळगुळीत असतं आणि कुणाचंच नसतं. शिवाय अनेक विद्यापीठं त्याबद्दल स्पष्ट जाहीरनामा मागतात. व्याकरण तपासून घ्या हवं तर, पण मजकूर स्वतः लिहा.

शिफारसपत्रं

दोन, क्वचित तीन लागतात. आपल्याकडची रीत सगळ्यांना माहीत आहे. सर म्हणतात, ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ मग एकाच विद्यार्थ्यानं लिहिलेली तिन्ही पत्रं एकाच भाषेत, एकाच शैलीत जातात आणि समितीला वास येतो. सरांना नम्रपणे सांगा की, ‘सर, मी मुद्दे देतो, पण शब्द तुमचे असू द्या.’ मुद्द्यांच्या कागदावर त्यांच्या विषयात मिळालेले गुण, मूट कोर्ट (सरावाचा खटला), प्रकल्पाचं नाव आणि एखादा प्रसंग लिहून द्या. प्राध्यापकांना पन्नास विद्यार्थ्यांतला तुमचा प्रकल्प आठवत नसतो, यात त्यांचा दोष नाही.

बहुतेक अर्जांत पत्र तुमच्याकडून नव्हे, तर लिहिणाऱ्याच्या ईमेलवर आलेल्या दुव्यातून थेट जमा करायचं असतं. तो ईमेल संस्थेचा असावा अशी अपेक्षा असते. आपल्या कॉलेजांत पुष्कळ प्राध्यापक जीमेलच वापरतात. कॉलेजचा अधिकृत ईमेल मिळत असेल तर त्यांना आधीच तो सुरू करायला सांगा. नसेल तर पत्र लेटरहेडवर हवं आणि कॉलेजच्या संकेतस्थळावर त्यांचं नाव-पद दिसायला हवं. दुवा स्पॅममध्ये जातो, त्याची मुदत संपते. मुदतीच्या आठवडाभर आधी सरांच्या केबिनमध्ये जाऊन, समोर बसून ते काम पूर्ण करून घ्या. चहा सांगा.

सीनियरचं पत्र एक हवंच, जर तुम्ही वकिली केली असेल. तुम्ही किती उलटतपासण्यांची तयारी केली, कोणत्या अर्जाचा मसुदा तुमचा होता, हे तेच सांगू शकतात. आमदार, माजी मंत्री, कारखान्याचे चेअरमन यांची पत्रं आणू नका. ‘मी यांच्या कुटुंबाला ओळखतो’ या वाक्याला तिथं शून्य किंमत आहे.

पैसा

अमेरिकेतल्या नामांकित लॉ स्कूलची नुसती फी वर्षाला ७० ते ८५ हजार डॉलर. राहणं-खाणं धरून खर्च कोटीच्या घरात जातो. लंडनमध्ये फी साधारण ३० ते ४० हजार पौंड आणि एकूण खर्च पन्नास-साठ लाख. लंडनबाहेर कमी. जर्मनीत इंग्रजीतून एलएलएम मिळतं आणि खर्चही आटोक्यात राहतो, मात्र भारतीय विद्यार्थ्यांना आधी ‘एपीएस’ हे कागदपत्रं पडताळल्याचं प्रमाणपत्र काढावं लागतं. त्याला वेळ लागतो.

शिष्यवृत्तीचा विचार प्रवेशानंतर नव्हे, बरोबरच करायचा. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, केंद्राची नॅशनल ओव्हरसीज आहे. मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठी राज्याच्या सारथी संस्थेची महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या नावाची योजना आहे. ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी इतर मागास बहुजन कल्याण विभाग आहे, खुल्या प्रवर्गासाठी तंत्रशिक्षण संचालनालय. जवळपास सगळीकडे जागतिक क्रमवारीची आणि उत्पन्नाची अट असते आणि विनाअट प्रवेशपत्र मागितलं जातं. ही मेख नीट समजून घ्या. ‘इंग्रजीचे गुण सादर केल्यास’ किंवा ‘अंतिम निकाल दिल्यास’ असं लिहिलेलं पत्र सशर्त ठरतं आणि अर्ज बाद होतो. म्हणून आयईएल्ट्स आणि ट्रान्सक्रिप्ट लवकर उरकायचे. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, डोमिसाइल हे तहसीलमधून आधीच काढून ठेवा. जाहिरात निघाल्यावर सेतूत रांग लागते.

चेव्हनिंग ही ब्रिटिश सरकारची पूर्ण शिष्यवृत्ती. तिला २,८०० तासांचा अनुभव लागतो, म्हणजे साधारण दोन वर्षं, आणि शिक्षणानंतर दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं. ज्युनियरशिपचे तास त्यात धरता येतात, म्हणून पहिल्या दिवसापासून डायरी नीट ठेवा. अर्ज आदल्या वर्षीच्या शरद ऋतूत, म्हणजे विद्यापीठाचा प्रवेश हातात येण्याच्या कितीतरी आधी करायचा असतो. जे. एन. टाटा एन्डोमेंट १८९२ पासून कर्जरूपानं मदत करतं आणि त्यांची मुलाखत विषयाच्या खोलात जाते.

उरतं बँकेचं कर्ज. साडेसात लाखांच्या वर सरकारी बँका बहुधा तारण मागतात आणि सोलापूरची खरी अडचण इथंच. शेतजमीन तारण म्हणून बहुतेक बँका शैक्षणिक कर्जाला घेत नाहीत, मग ती बागायती असो की दहा एकर द्राक्षबाग. गुंठेवारीतला प्लॉटही चालत नाही. एनए (बिगरशेती) जागा, मंजूर नकाशा असलेलं घर किंवा मुदत ठेव लागते. घर आजोबांच्या नावावर आणि वारसनोंद झालेली नाही, अशी प्रकरणं डझनानं आहेत. सिटी सर्व्हेचा उतारा काढून पाहा, वारसनोंद बाकी असेल तर आजच अर्ज द्या, त्यावर जुना बोजा असेल तर उतरवून घ्या. बँकेचा पॅनेल वकील सर्च रिपोर्ट देतो तेव्हा तो तुमचाच बार रूममधला मित्र असला तरी कागद कागद असतो. विनातारण देणाऱ्या खासगी वित्तसंस्था आहेत, पण व्याज चढं. प्राप्तिकराच्या जुन्या करप्रणालीत अशा कर्जाच्या व्याजाची वजावट आठ वर्षं मिळते. बँकेच्या कर्जातून परदेशी भरलेल्या फीवर १ एप्रिल २०२५ पासून टीसीएस (पैसे बाहेर पाठवताना बँक आगाऊ घेते तो कर) लागत नाही.

सल्लागार

पुण्यातले अनेक सल्लागार ‘फुकट’ काम करतात. फुकट कारण त्यांना ठरावीक विद्यापीठांकडून दलाली मिळते. साहजिकच ते त्याच विद्यापीठांची नावं पुढे करतात. एलएलएमचा अर्ज वकिलाला स्वतः भरता येत नसेल, तर दावा कसा दाखल करणार? फॉर्म समजावून सांगायला कुणी हवंच असेल तर आधी जाऊन आलेल्या माणसाला फोन करा.

व्हिसा

इंग्लंडसाठी फी आणि राहण्याचे पैसे तुमच्या किंवा आईवडिलांच्या खात्यात सलग २८ दिवस असावे लागतात. मध्ये एक दिवस जरी रक्कम खाली आली तरी अर्ज फेटाळला जातो. कर्जमंजुरीचं पत्र असेल तर हा प्रश्न येत नाही. क्षयरोगाची तपासणी मान्यताप्राप्त केंद्रातच करायची, नेहमीच्या डॉक्टरांचा एक्स-रे चालत नाही. लग्न झालेल्यांनी ध्यानात घ्यावं, जानेवारी २०२४ पासून एलएलएमसारख्या, संशोधनाऐवजी वर्गात शिकवल्या जाणाऱ्या मास्टर्सला जोडीदाराला सोबत नेता येत नाही. शिक्षणानंतर थांबण्याची ग्रॅज्युएट रूटची दोन वर्षांची मुदतही १ जानेवारी २०२७ पासून केलेल्या अर्जांना १८ महिनेच आहे.

अमेरिकेसाठी विद्यापीठाकडून आय-२० हा प्रवेशाचा अधिकृत कागद आल्यावर सेव्हिस या विद्यार्थी-नोंदणी यंत्रणेची ३५० डॉलर फी भरून मुंबईत मुलाखत. सिद्धेश्वर एक्सप्रेसनं पहाटे उतरून थेट बीकेसीतला अमेरिकी वाणिज्य दूतावास गाठणारे पुष्कळ आहेत, पण गाडी लेट झाली तर मुलाखत जाते. आदल्या दिवशीच पोहोचा. समाजमाध्यमांवरची खाती सार्वजनिक ठेवायला सांगितलं जातं, तेव्हा आधी स्वतःच एकदा जुन्या पोस्ट चाळून घ्या. परत का येणार, याचं उत्तर दोन वाक्यांत हवं. एलएलएमनंतर ओपीटी, म्हणजे तिथं काम करायची परवानगी, १२ महिन्यांचीच मिळते, विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांसारखी ती वाढत नाही. त्या वर्षात नोकरी शोधायची की बारची परीक्षा द्यायची, हे विमानात बसण्यापूर्वी ठरवा.

जाण्याआधी

वकिली करत असाल तर जूनपासून हातातल्या फायली वाटायला घ्या. वकीलपत्रावर ना हरकत द्या, प्रत्येक पक्षकाराला नवीन वकिलाचं नाव आणि पुढची तारीख लेखी कळवा, मूळ कागद पोच घेऊन परत करा. टंकलेखकाची आणि झेरॉक्सवाल्याची उधारी चुकती करा. सीनियरकडे एक यादी ठेवून जा, कुठल्या प्रकरणात कुठला कागद कुठल्या कपाटात आहे त्याची. ऑक्टोबरात तिकडे मध्यरात्र असताना दिवाणी कोर्टाच्या आवारातून येणारे फोन त्यानं निम्म्यावर येतात.